खलपुरुषांचे अलंकार

अलंकार केवळ देह शोभविण्याकरिता असतो, ही समजूत सार्वत्रिक असली तरी अपुरी आहे. अलंकार बोलतो, आणि पुष्कळदा तो धारण करणाऱ्याच्या आधी बोलतो. हिंगोली जिल्ह्यातील सेनगावच्या बाजारात क्षणभर उभे राहिले तरी याचा प्रत्यय येतो. समोरून येणाऱ्या स्त्रीच्या गळ्यातील काळी पोत आणि पायांतील जोडवी ती सौभाग्यवती असल्याचे सांगतात. तांड्यावरून आलेल्या बंजारा वृद्धेच्या केसांत गुंफलेली घुगरी-टोपली हीच गोष्ट निराळ्या भाषेत सांगते. एखाद्या शेतकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ त्याचे नाते पंढरीशी आणि याच जिल्ह्यातील नरसी या नामदेवांच्या गावाशी जोडते. तान्ह्या मुलाच्या मनगटातील काळा मणी आईच्या मनातील भीती बोलून दाखवितो. यांपैकी कोणीही तोंडाने एक अक्षर उच्चारलेले नसते. तरीही ज्याला ही लिपी वाचता येते त्याला सारे कळून चुकते.

अलंकार ही जर भाषा असेल, तर तिचा सर्वांत कसोशीने उपयोग कथाकार करणार, हे ओघानेच आले. कथेतील पात्राला बोलावयास वेळ थोडा असतो. त्याचे कुळ, त्याची आकांक्षा, त्याचे पाप हे सारे प्रथमदर्शनीच प्रेक्षकाच्या मनावर ठसावे लागते. नायकाच्या बाबतीत हे काम त्याच्या कृतीवर सोपविता येते. खलपुरुषाला मात्र पुष्कळदा प्रथम त्याच्या वेषावरूनच ओळखावयाचे असते. म्हणून कोणत्याही देशातील खलपुरुषांचे दागिने पाहावे. त्या देशाला कशाचे भय वाटते आणि कशाचा मोह पडतो, हे त्यांवरून समजते.

आजच्या काळात या विषयाचे सर्वांत विपुल साहित्य जपानी चित्रकथांत सापडते. रेखाटलेल्या चित्रांच्या या बोलपटांस जपानात ‘ॲनिमे’ म्हणतात. ‘ॲनिमेशन’ या इंग्रजी शब्दाचेच ते आखूड झालेले रूप होय. मोबाइलच्या पडद्यावरून हे बोलपट आता पुण्या-मुंबईइतकेच तालुक्याच्या गावीही पोचले आहेत, आणि घराघरांतील मुले त्यांतील खलपुरुषांची नावे पुराणांतील राक्षसांच्या नावांइतक्याच सहजतेने घेतात. वडीलधाऱ्यांना या पात्रांच्या कानांतील कुंडले, बोटांतील अंगठ्या आणि नाकातील खिळे हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटतो. परंतु थोडे खोल पाहिले असता त्यांतील काही अर्थ अगदी घरचे निघतात.

प्रथम घरच्या परंपरेकडे वळू जाता एक गोष्ट विशेष ध्यानी येते. भारतीय पुराणकथेने खलपुरुषाला कुरूप किंवा दरिद्री केलेले नाही. वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमंत रावणाला त्याच्या सभेत पाहतो, तेव्हा मोत्यांनी मढविलेला त्याचा सुवर्णमुकुट, रत्नांचे अलंकार आणि अंगचे तेज पाहून तो विस्मित होतो. या पुरुषाच्या ठिकाणी अधर्म प्रबळ नसता, तर हा देवलोकाचाही रक्षणकर्ता झाला असता, असा विचार त्या रामदूताच्या मनात येतो. वेरूळच्या कैलास लेण्यात, म्हणजे आठव्या शतकातील राष्ट्रकूटांच्या त्या अजोड निर्मितीत, कैलास पर्वत हलवू पाहणारा रावण कोरलेला आहे. तोही क्षुद्र नाही. त्याचे सामर्थ्य खरे आहे, फक्त ते अस्थानी लागले आहे. हिंगोलीच्या प्रसिद्ध दसऱ्यात रावणाचा पुतळा जळतो, तोदेखील राजाच्या थाटातच. भिकाऱ्याच्या वेषातील रावण कोणी जाळीत नाही. त्या वेषात तो सीतेच्या दारी आला होता, आणि तीच त्याची सर्वांत मोठी लबाडी होती. दागिने उतरविलेला रावण हा दागिने घातलेल्या रावणाहून अधिक भयंकर ठरला, हे या कथेचे मर्म विसरण्याजोगे नाही.

मग रावणाचे अलंकार सांगतात तरी काय? त्याची लंका मूळची कुबेराची, त्याचे पुष्पक विमान कुबेराचे. सोने खरे असले तरी त्यावरचा हक्क खोटा आहे. याच्या अगदी उलट सीतेच्या दागिन्यांचे वर्तन आहे. हरण होत असता तिने उत्तरीयात बांधून टाकलेली भूषणे वानरांच्या हाती पडतात आणि तिच्या मार्गाची साक्ष देतात. रामाची अंगठी समुद्र ओलांडून तिच्यापर्यंत जाते, आणि तिचा चूडामणी तसाच उलट मार्गाने रामाकडे येतो. सज्जनांचे अलंकार अंगावरून उतरतात, प्रवास करतात, निरोप पोचवितात. रावणाचे अलंकार रावणाच्याच अंगावर राहतात. रामायणातील अलंकारांची सारी नीती या एका भेदात सामावलेली आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही. मंथरेची गोष्टही येथे आठवते. रामाच्या अभिषेकाची वार्ता ऐकून आनंदित झालेली कैकेयी तिला एक आभूषण बक्षीस देते, आणि मंथरा ते फेकून देते. दुसऱ्याच्या आनंदाचा दागिना अंगावर घेण्याची तयारी नसणे, हे मत्सराचे याहून नेमके चित्र काढणे कठीण.

महाभारतात हाच विचार अधिक करुण रूपाने येतो. अश्वत्थाम्याच्या मस्तकी जन्मतःच एक मणी होता. तो असेतोवर त्याला शस्त्राचे, व्याधीचे वा भुकेचे भय नव्हते. रात्रीच्या काळोखात निजलेल्या द्रौपदीपुत्रांचा त्याने वध केला, पुढे ब्रह्मास्त्राचा दुरुपयोग केला, आणि अखेर तो मणी त्याला देऊन टाकावा लागला. प्राण गेला नाही, मणी गेला. ही शिक्षा मरणाहून कठोर होती. नंदुरबार जिल्ह्यातील अस्तंबा शिखरावर आणि सातपुड्याच्या आसपास, जखमेवर तेल मागत हिंडणाऱ्या अश्वत्थाम्याची कथा लोक अद्याप सांगतात. बाह्य तेज हेच ज्याचे कवच, ते तेज गेल्यावर उरते ती फक्त जखम, असा या लोककथेचा आशय.

आता जपानी कथांकडे पाहावे. रुमिको ताकाहाशी या लेखिकेच्या ‘इनुयाशा’ या कथामालेचा आधार असाच एक मणी आहे. तिचे चित्रपुस्तक १९९६ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि बोलपटाचे भाग २००० पासून दिसू लागले. ‘शिकोन’ म्हणजे चार आत्मे. त्यांचा हा मणी सात्त्विक माणसापाशी निर्मळ राहतो आणि दुष्टाच्या हाती पडताच काळवंडतो. तो मिळविण्यासाठी धडपडणाऱ्या खलपुरुषाचे नाव आहे ‘नाराकू’. मराठी वाचकाला हे नाव कानी पडताच ओळखीचे वाटेल, आणि ती ओळख खोटी नाही: जपानी भाषेतील हा शब्द बौद्ध ग्रंथांच्या वाटेने गेलेला संस्कृत ‘नरक’ हाच होय. येथे मणी स्वतः चांगलाही नाही आणि वाईटही नाही. तो आरशासारखा आहे. अश्वत्थाम्याचा मणी त्याच्या पापामुळे मळला नाही, तो काढून घ्यावा लागला. नाराकूचा मणी त्याच्यापाशी राहूनच त्याची साक्ष देतो. एका संस्कृतीने न्याय बाहेरून केला, दुसरीने तो रत्नाच्या रंगातच ठेवला.

चोरलेल्या अधिकाराचा अलंकार ही कल्पनाही तेथे आहे. २०१५ ते २०१८ या काळात दाखविल्या गेलेल्या ‘ड्रॅगन बॉल सुपर’ या मालेत विश्वाचा सांभाळ करणारे देव कानांत ‘पोतारा’ नावाची कर्णभूषणे घालतात, आणि काळात मागेपुढे नेणारी एक अंगठी त्यांच्या पदाशी निगडित आहे. झामासू हा त्यांपैकी एका देवाचा शिष्य. तो आपल्या गुरूचा वध करतो आणि ही पदचिन्हे स्वतः धारण करतो. ते कुंडल पाहताच प्रेक्षकाला दोन गोष्टी एकदम कळतात: याच्यापाशी देवाचे सामर्थ्य आहे, आणि ते त्याला मिळालेले नसून त्याने घेतलेले आहे. कुबेराच्या विमानात बसलेल्या रावणाची ही दूरची भावकी होय.

परंतु येथे एक प्रश्न उपस्थित होतो. महाराष्ट्रात पुरुषाने कानात दागिना घातला म्हणून तो दुष्ट ठरत नाही. उजव्या कानाच्या वरच्या पाळीतील भिकबाळी हे पेशवाईपासून प्रतिष्ठेचे लक्षण मानले गेले. नाथपंथी कानफाट्यांच्या कानांतील मोठाल्या मुद्रा दीक्षेची खूण समजल्या गेल्या. मग जपानी चित्रकथेत कानातील कुंडल हे इतक्या वेळा संशयास्पद पुरुषाच्याच वाट्याला का यावे?

याचे उत्तर जपानच्या इतिहासात आहे. अतिप्राचीन काळी तेथेही स्त्रीपुरुष कर्णभूषणे व मण्यांच्या माळा घालीत. ‘मागातामा’ नावाचा स्वल्पविरामाच्या आकाराचा वक्र मणी त्या काळची आठवण देतो. सम्राटाच्या तीन पवित्र राजचिन्हांत खड्ग आणि आरसा यांच्या जोडीला असाच एक मणी आहे. परंतु आठव्या शतकाच्या सुमारास ही चाल जवळजवळ लोपली, आणि एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्यांशी संबंध येईपर्यंत, म्हणजे सुमारे हजार-अकराशे वर्षे, जपानी माणसाने हार, अंगठी व कुंडल यांवाचून दिवस काढले. सौंदर्याची हौस केसांतील काट्यांवर, वस्त्रांच्या विणकामावर आणि तलवारीच्या मुठीवर भागविली गेली. साहजिकच अंगावर, आणि त्यातही कानात, दागिना असलेला पुरुष म्हणजे एक तर फार प्राचीन, एक तर दिव्य, किंवा परका, अशी भावना रुजली. चित्रकाराने पात्राच्या कानात एक कडी अडकविली की ते पात्र ‘आपल्यांतले नाही’ हे न सांगता सांगितले जाते. मराठी डोळ्याला तो दागिना दिसतो; जपानी डोळ्याला त्यात एक सीमारेषाही दिसू शकते.

ही पार्श्वभूमी असली म्हणजे काही प्रसिद्ध पात्रांचे अलंकार अधिक स्पष्टपणे वाचता येतात. ‘जुजुत्सु कैसेन’ या कथामालेतील गेतो सुगुरू हा खलपुरुष बौद्ध भिक्षूची वस्त्रे पांघरतो, आणि त्याच्या कानांच्या पाळ्यांत मात्र मोठ्या काळ्या चकत्या बसविलेल्या असतात. वेरूळच्या दहाव्या लेण्यातील बुद्धमूर्ती ज्याने पाहिली आहे त्याला ही विसंगती चटकन जाणवेल. बुद्धाच्या कानांच्या पाळ्या लांब असतात. राजपुत्र असताना वापरलेल्या जड कुंडलांनी त्या ओढल्या गेल्या, आणि वैराग्यानंतर त्या रिकाम्या राहिल्या, असा त्यांचा अर्थ सांगितला जातो. म्हणजे बुद्धाचा अलंकार हा नसलेला अलंकार आहे. गेतोने तीच लांब पाळी घेतली आहे, परंतु ती रिकामी ठेवलेली नाही. वस्त्र त्यागाचे आणि कान आकांक्षेचा, असा हा मनुष्य आहे. चित्रकाराच्या मनात नेमके हेच होते की नाही, हा प्रश्न गौण होय; चिन्हे एकत्र आली की ती परस्परांशी बोलू लागतात.

‘नारुतो’ या मासाशी किशिमोतो यांच्या कथेत, जिचे चित्रपुस्तक १९९९ ते २०१४ पर्यंत चालले, ‘आकात्सुकी’ नावाची एक गुप्त टोळी आहे. या शब्दाचा अर्थ पहाट. तिच्या दहा सभासदांसाठी दहा अंगठ्या आहेत, आणि कोणी कोणत्या बोटात घालावयाची हे ठरलेले आहे. दोन हातांची दहा बोटे, दहा माणसे. म्हणजे प्रत्येक सभासद हा एका मोठ्या अदृश्य हाताचे केवळ एक बोट आहे. अंगठी विवाहात जशी दोघांना बांधते तशी ती येथे दहांना बांधते. फरक इतकाच, की येथे बोटाला स्वतःचे मन असणे अभिप्रेत नाही.

याच टोळीचा पुढारी ‘पेन’ याच्या चेहऱ्यावर काळ्या धातूचे खिळे रोवलेले असतात. नाकाच्या दोन्ही बाजूंस ते विशेष उठून दिसतात. प्रथम पाहणाऱ्याला ती चढेल हौस वाटते. पुढे रहस्य उलगडते ते असे, की हा देह मृत असून नागातो नावाचा दूरवर बसलेला एक जर्जर मनुष्य या खिळ्यांच्या द्वारे आपली शक्ती त्यात पाठवून त्याला चालवीत आहे. त्या शक्तीलाही कथेत ‘चक्र’ असाच शब्द आहे. मराठी घरात या अलंकाराला नाव शोधावयास दूर जावे लागत नाही. बैलाच्या नाकात जी घालतात ती वेसण. हे खिळे म्हणजे वेसणच. जो जगाला वेसण घालू निघाला आहे त्याच्याच नाकात ती आहे, आणि तिचा दोर दुसऱ्याच्या हाती आहे. कडे आणि बेडी, साखळी आणि शृंखला यांच्या आकारांत फारसे अंतर नसते. अंतर असते ते ती काढावयाची मुभा कोणाला आहे यात.

भारत आणि जपान या दोन परंपरांची प्रत्यक्ष गाठ एकदा पडली आहे. युगो साको या जपानी दिग्दर्शकाने भारतीय चित्रकार राम मोहन यांच्या साहाय्याने रामायणावर एक चित्रबोलपट केला. तो १९९३ मध्ये प्रथम दाखविण्यात आला आणि २०२५ च्या जानेवारीत भारतीय चित्रपटगृहांत नव्या स्वरूपात पुन्हा आला. त्याच्या हिंदी रूपात रावणाचा आवाज अमरीश पुरी यांचा होता. सुवर्णनगरीचा स्वामी जपानी रेषेत उतरविताना त्याला राजाच ठेवावयाचे, हा विवेक तेथे पाळला गेला.

असा विवेक सर्वत्र पाळला जातोच असे नाही, आणि या विषयातील खरी चिंता येथेच आहे. रावणाला सोन्याने मढविले तर त्यामुळे कोणत्याही मनुष्यसमूहाची हानी होत नाही. पण पुष्कळ नाटकांत, बोलपटांत आणि मालिकांत राक्षस दाखवावयाचा झाला की त्याच्या अंगावर कवड्या, हाडांचे मणी, पिसे, जाड कडी आणि गोंदण येऊ लागते. हे अलंकार कवीच्या कल्पनेतले नाहीत. ते डोंगरांत, रानांत आणि तांड्यांवर राहणाऱ्या खऱ्या माणसांचे आहेत. खलपुरुष आणि परका यांना एकाच दागिन्याने दाखविण्याची सवय लागली, म्हणजे उलट दिशेनेही तोच प्रवास होतो: तसा दागिना घातलेला मनुष्य समोर येताच तो खल वाटू लागतो.

ही भीती कल्पित नव्हे. १८७१ हे साल या दृष्टीने दोन्ही देशांत लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी इंग्रज सरकारने भारतात गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. पुढे निरनिराळ्या प्रांतांत त्याची व्याप्ती वाढत गेली, आणि काही भागांत बंजारा समाजावरही तो शिक्का बसला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तोपर्यंत ऐंशी वर्षे लोटली होती. त्याच १८७१ मध्ये जपानच्या नव्या सरकारने उत्तरेकडील आइनू या आदिवासी लोकांवर हुकूम काढला, की त्यांच्या स्त्रियांनी गोंदून घेऊ नये आणि पुरुषांनी कानांत कुंडले घालू नयेत. एका राज्याने माणसांच्या जन्मावर बोट ठेवले, दुसऱ्याने त्यांच्या कानांवर. दोहोंची समजूत एकच होती, की ‘वेगळा दिसतो तो धोक्याचा.’

सेनगाव तालुक्यातील तांड्यावर एखादी आजी पेटीतून आपली जुनी चांदी काढते, आणि तिची शाळेत जाणारी नात ती अंगावर घालावयास लाजते, तेव्हा त्या लाजेला अनेक कारणे असतात. काळ बदलला आहे, चांदी जड आहे, वेष गैरसोयीचा आहे, हे सारे खरे. पण पडद्यावर अशी चांदी बहुधा कोणाच्या अंगावर दिसते, हेही त्यांपैकी एक कारण असू शकते. ज्या घुगरीने एका पिढीला मान दिला तीच दुसऱ्या पिढीला उपहासाची खूण वाटावी, यात दोष चांदीचा नाही.

याचा अर्थ खलपुरुषांनी दागिने घालू नयेत असा मुळीच नव्हे. मुलांच्या हातून हे बोलपट हिरावून घेण्याचेही कारण नाही. त्यांतील उत्तम कथांनी अलंकाराचा उपयोग फार समजूतदारपणे केला आहे. झामासूचे कुंडल त्याच्या चोरीबद्दल बोलते, नाराकूचा मणी त्याच्या मनाबद्दल, पेनचे खिळे त्याच्या दास्याबद्दल. या तिन्ही ठिकाणी दागिना त्या पात्राच्या कृतीविषयी काही सांगतो, त्याच्या जातकुळीविषयी नाही. चांगला कथाकार कोणता आणि आळशी कोणता, हे ओळखण्याची हीच कसोटी होय. पहिला दागिन्याला दुष्टाच्या कर्माशी जोडतो. दुसरा तो रस्त्यावरच्या कोणाच्या तरी अंगावरून उचलून आणतो.

घरातील मूल पडद्यावरील एखाद्या खलपुरुषाकडे बोट दाखवील, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याला एवढे तीन प्रश्न विचारावे: हा दागिना याला कोणी दिला? तो त्याला उतरविता येतो काय? आणि असाच दागिना घालणारे कोणी आपल्या गावात आहे काय? पहिल्या प्रश्नाने रावण कळेल, दुसऱ्याने पेन. तिसऱ्याचे उत्तर मात्र पुराणात किंवा पडद्यावर मिळणार नाही. त्यासाठी बाजाराच्या दिवशी शेजारून जाणाऱ्या माणसाकडे नीट पाहावे लागेल.